मोबाईलवर आलेला सातबारा खरा कशावरून?

घोडबंदर रोडला कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा या भागात भाताची खाचरे कमी झाली, इमारती वाढल्या. सातबाऱ्याचे मोल मात्र वाढतच गेले. भाऊबंद चार ठिकाणी पांगलेले, त्यामुळे उतारा व्हॉट्सॲपवर पाठवायचा ही आता रीतच झाली आहे. शेतकरी बंधू-भगिनींनो, असा आलेला उतारा खरा कशावरून?

पूर्वी तलाठ्याचा सही-शिक्का पाहिला की काम भागायचे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याचे शुल्क १५ रुपये. अशा सहीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची मान्यता आहे. महाभूलेखवर फुकट दिसणारा उतारा फक्त पाहण्यापुरता, कायदेशीर कामाला तो चालत नाही.

डिजिटल सही म्हणजे सहीचा फोटो नव्हे. उताऱ्यातल्या मजकुरावरून संगणक एक आकडा काढतो आणि गुप्त किल्लीने तो कुलूपबंद करतो. तिची जोडकिल्ली सर्वांना खुली असते, तिने ताळा करून पाहता येतो. कोणी एका गुंठ्याचा जरी फेर केला, तरी ताळा जुळत नाही. जोडकिल्लीची ही कल्पना डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. आज बँकांचे व्यवहारही तिच्याच आधाराने चालतात.

पण उतारा छापला किंवा त्याचा फोटो काढला की हा ताळा करता येत नाही. त्यासाठी उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो. तो महाभूमीच्या संकेतस्थळावर टाका आणि समोर येणाऱ्या उताऱ्याशी गट नंबर, क्षेत्र, खातेदार, बोजा ओळीने ताडून पाहा. उतारा जुना असेल तर नवा काढा, मध्ये फेरफार झालेला असू शकतो. मगच विसार द्या.

आणखी एक. संकेतस्थळाच्या पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' असले, की वाटेत कोणी माहिती वाचणार नाही, एवढीच हमी मिळते. पलीकडचा माणूस सज्जन आहे, ही हमी नव्हे. पाट बंदिस्त असला, तरी तो चोराच्याच शेतात जात असेल तर काय उपयोग? म्हणून सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो ना, ते बघा.

'पीएम किसान'च्या नावाने एपीके फाईल आली तर उघडू नका. ओटीपी तर कोणालाच सांगू नका, समोरचा स्वतःला कितीही मोठा साहेब म्हणवो. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे अवघड.