'विकणे', 'विकून टाकणे' आणि 'विक्रीचा मारा'

शेअरबाजारातील भाव एकाएकी कोसळले, की वृत्तपत्रे त्यास 'विक्रीचा मारा' म्हणतात. विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे, असा त्याचा अर्थ सर्रास लावला जातो. तो यथार्थ नव्हे. विकला गेलेला प्रत्येक शेअर कोणीतरी घेतलेलाच असतो. वाढते ती विकणाऱ्यांची घाई; मिळेल त्या भावास ते शेअर सोडतात.

ही अर्थच्छटा मराठी क्रियापदात मुळातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही कापसाची जुनी पेठ. तेथे शेतकरी कापूस 'विकतो'. परंतु देणेकरी दाराशी आला किंवा भाव आणखी उतरण्याची धास्ती पडली, म्हणजे तो 'विकून टाकतो'. येथील 'टाकणे' केवळ क्रियेची पूर्णता दाखवीत नाही. भावाची अपेक्षा गळून सुटका तेवढी उरल्याचेही सांगते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडच्याच नव्हे, साऱ्या पश्चिम भारताच्या कापसाला तेजी आली आणि त्या पैशावर मुंबईचे शेअर फुगले. युद्ध संपताच कापूस उतरला. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस. तो जवळ येऊ लागला तशी शेअर विकून टाकण्याची धांदल उडाली. 'मारा' तोफांचा असतो, पावसाचा असतो. तो करणारा बाहेरचा असावा, असे त्या शब्दाने वाटते. १८६५ च्या मुंबईत कालपर्यंतचे घेणारेच विकावयास धावले होते.