वीज लक्षात ठेवणारे प्लॅस्टिक

विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन का असते? प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, हे तुम्ही चटकन सांगाल. परंतु वीज वाहू न देणारे एक प्लॅस्टिक स्वतःच्या पृष्ठभागावर विद्युत् भार बाळगते. त्याचे नाव पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड.

याचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. तीत एका कार्बनला हायड्रोजनचे दोन अणू, तर पुढच्याला फ्लुओरिनचे दोन अणू जोडलेले असतात. फ्लुओरिन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण व हायड्रोजनची किंचित धन होते. अशा जोडीला 'द्विध्रुव' म्हणतात. एरवी हे द्विध्रुव उलटसुलट असतात. पण या प्लॅस्टिकची पातळ फीत ताणून प्रबल विद्युत् क्षेत्रात ठेवली की, ते एका दिशेस वळतात आणि क्षेत्र काढले तरी तसेच राहतात. उलट क्षेत्र लावले तर उलट फिरतात. लोहचुंबकाशी असलेल्या या साम्यामुळे अशा पदार्थांना 'फेरोविद्युत्' म्हणतात. त्यांत लोखंड असावे लागत नाही. अशी फीत दाबली असता वीज निर्माण होते, हे जपानच्या हेजी कवाई यांनी १९६९ साली दाखविले.

हा भार पृष्ठभागावरच का दिसतो? शाळेच्या रांगेत प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यांवर हात ठेवले, तर मोकळे काय राहते? पहिल्याचे हात आणि शेवटच्याचे खांदे! द्विध्रुवांचेही तसेच. आत एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला भिडते. उघडा भार उरतो तो दोन पृष्ठभागांवर. हवेतील किंवा धातूच्या लेपातील विरुद्ध भार तिकडे खेचले जाऊन त्याला झाकतात. फीत दाबली की हा तोल ढळतो व जोडलेल्या तारेतून क्षणभर प्रवाह वाहतो. म्हणून नाडीचे ठोके किंवा पाण्याखालील ध्वनी टिपण्यासाठी ही फीत उपयोगी पडते.

पृष्ठभागावर अर्धसंवाहकाचा थर दिला तर? खालचा धन भार त्यात इलेक्ट्रॉन ओढून घेतो व वाट खुली होते. ऋण भार त्यांना दूर लोटतो व वाट बंद होते. खुली म्हणजे १, बंद म्हणजे ०. वीज गेली तरी नोंद टिकते, आणि प्लॅस्टिक असल्याने साधन वाकविताही येते. थर जितका पातळ, तितक्या कमी व्होल्टात काम भागते. याच जातीच्या एका बहुवारिकाचा केवळ १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा, थरसुद्धा हा गुण टिकवितो, असे १९९८ साली आढळले.

आता तुम्हीच सांगा: अशा फितीची जाडी मधोमध चिरून दोन पातळ फिती केल्या, तर नव्या पृष्ठभागांवर कोणते भार दिसतील? रांग मध्येच तोडून पाहा, उत्तर सापडेल.