आपल्या मर्जीचा गॅन्डाल्फ

१९८२ सालच्या ‘द हॉबिट’ या कॉम्प्युटर गेममध्ये गॅन्डाल्फ हा जादूगार मरू शकतो. आपण भलतीकडेच असतो, तिकडे एखाद्या गॉब्लिनशी त्याची गाठ पडते आणि कथेतला सर्वांत शहाणा माणूस कायमचा संपतो. टोल्कीनच्या १९३७च्या कादंबरीत असं काही नाही. गेम लिहिणाऱ्यांनीही हा प्रसंग कुठे लिहून ठेवलेला नव्हता. तरी तो घडायचा. या गेमची थोरवी आणि तिचे दोष, दोन्ही एकाच मुळातून उगवले आहेत, असं माझं ठाम मत आहे.

ही गेम तयार झाली ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअर या कंपनीत. कंपनी आल्फ्रेड मिलग्रॉम यांची. त्यांनी व्हेरोनिका मेग्लर या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीला अर्धवेळ कामावर घेतलं आणि सांगितलं, आजवरची सगळ्यांत चांगली अ‍ॅडव्हेंचर गेम लिही. फिलिप मिचेल हा तिचा सहकारी. त्या काळी गुहेत हिंडायला लावणारी, निव्वळ शब्दांवर चालणारी ‘अ‍ॅडव्हेंचर’ प्रसिद्ध होती. मेग्लरनेही ती खेळली होती, पण कोडी एकदा सुटली की तिच्यात काही उरत नसे, कारण सगळं दर वेळी तसंच आणि त्याच जागी. मेग्लरला दर वेळी वेगळी घडणारी गेम हवी होती.

त्यासाठी तिने जे केलं ते आजही थक्क करतं. प्रसंग लिहून ठेवण्याऐवजी तिने नियम लिहिले. वस्तूंना वजन आणि आकार दिला. काय कशात मावतं, काय फुटतं, कोण कोणाला उचलू शकतं, हे त्यावरून ठरू लागलं. पात्रांनाही त्याच नियमांत बसवलं. गॅन्डाल्फ, थोरिन, एल्रॉन्ड, गॉब्लिन यांची प्रत्येकाची आपापली कामांची यादी असे आणि खेळणारा समोर असो वा नसो, ती कामं चालूच राहत. आपण काही टाइप न करता बसून राहिलो तरी वेळ पुढे सरके. थोरिन मधेच खाली बसून सोन्याची गाणी म्हणू लागे. हे इतक्या वेळा घडे की इंग्लंडमधल्या एका पिढीच्या तोंडी ते वाक्य कायमचं बसलं.

गेमशी बोलायची सोयही त्या काळाच्या मानाने फार पुढची होती. त्या काळच्या बऱ्याच गेम्सना एक क्रियापद आणि एक नाम, एवढंच समजायचं. इथे ‘इंग्लिश’ (Inglish) नावाची व्यवस्था होती. नाव मुद्दामच चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेलं. तिच्या भाषिक बाजूवर स्टुअर्ट रिची यांनी काम केलं होतं. तलवार घे आणि तिने ट्रोलला मार, असं जोडवाक्य चालायचं, क्रियाविशेषणंही चालायची. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या पात्राला हुकूम सोडता यायचा. गॉब्लिनांच्या कोठडीतून सुटायचं तर खिडकी उंचावर; मग थोरिनला सांगायचं, मला उचलून घे. ड्रॅगनवर बाण सोडायलाही बार्ड या तिरंदाजालाच सांगावं लागे. अर्थात त्याने ऐकायला हवं! पात्रं नकार देत, आणि तेच काम पुन्हा सांगितलं की कधीकधी ऐकतही.

हे सगळं झेडएक्स स्पेक्ट्रम या मशीनच्या ४८ किलोबाइट मेमरीत बसवायचं होतं. म्हणून वर्णनं आखूड. पण ती नेमकी आहेत, आणि कादंबरी वाचलेल्याला तेवढी पुरतात. गेमच्या खोक्यात कादंबरीची प्रत दिलेली असे, ती उगाच नव्हे. चित्रंही साठवून ठेवलेली नव्हती. रेषा कुठून कुठे ओढायची, रंग कुठे भरायचा, एवढ्या सूचना असत आणि चित्र आपल्यासमोर हळूहळू उमटत जाई.

आता दोष. एकमेकांवर परिणाम करणारी इतकी स्वतंत्र पात्रं आणि वस्तू असल्यावर सगळ्या शक्यता तपासणार कोण? ज्याच्यावाचून पुढे जाता येत नाही, ते पात्र आपण पोचायच्या आधीच मेलेलं असे. गेम अडकून पडे, बंद पडे. ती पूर्ण निर्दोष असल्याची हमी देता येत नाही, असं माहितीपुस्तिकेतच छापलेलं होतं. मग दुरुस्त केलेली १.१ आवृत्ती आली आणि तिच्यात नवाच दोष निघाला, असा की गेम जिंकताच येईना. त्यामुळे १.२ काढावी लागली.

या दोन दोषांना मी एका मापाने मोजणार नाही. १.१मधली चूक ही चूकच होती. पूर्ण किंमत मोजून गेम घेणाऱ्या पोराला शेवटाला पोचताच येऊ नये, याचं समर्थन होऊ शकत नाही. पण गॅन्डाल्फचं अवेळी मरण काढून टाकायचं, तर त्याचं स्वतःच्या मर्जीने हिंडणंही काढून टाकावं लागलं असतं. मग उरली असती ती ठरलेल्या जागी उभी राहून ठरलेली वाक्यं बोलणारी बाहुली.

१९८३ साली या गेमला ब्रिटनचा गोल्डन जॉयस्टिक पुरस्कार मिळाला, स्ट्रॅटेजी गेमच्या विभागात. मेग्लर पुढे गेम्सच्या धंद्यात राहिली नाही. बऱ्याच वर्षांनी तिने अमेरिकेत संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. हौशी मंडळींनी मात्र तिचा मशिन कोड सुटा करून वाचला, आणि ‘वाइल्डरलँड’ नावाचा एक प्रोग्राम तयार केला. त्यात मूळ गेम चालते आणि शेजारीच प्रत्येक पात्र त्या क्षणी कुठे आहे, कोणती वस्तू कोणाकडे आहे, हे दिसत राहतं. नव्याने खेळणाऱ्याने एकदा तरी तो उघडून, काहीही टाइप न करता नुसता पाहावा.