रायगडावरचा इंग्रज, लंडनमधला मराठा

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा दरबार भरला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईहून पाठवलेला हेन्री ऑक्झेंडन सिंहासनापासून बराच दूर उभा होता. त्याचा दुभाषा नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी हात उंचावून धरली. महाराजांचे लक्ष तिकडे गेले. त्यांनी इंग्रजांना थेट सिंहासनाच्या पायथ्याशी बोलावून घेतले, वस्त्रे दिली आणि निरोप दिला. तेवढ्या वेळात ऑक्झेंडनने जे पाहिले ते लिहून ठेवले: सिंहासनाच्या उजव्या हाताला मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची तोंडे, डावीकडे घोड्यांची शेपटे आणि एका भाल्याच्या टोकावर न्यायाची खूण म्हणून सोन्याचा तराजू. दाराशी झुलणारे हत्ती एवढ्या अवघड गडावर चढवले तरी कसे, याचे त्याला मोठे नवल वाटले.

या वकिलातीतली एक गंमत डॉ. जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाने नोंदवली आहे. इंग्रजांना रोज बकऱ्याचे मांस लागे. गडावर ते फारसे कोणी खात नसे. खाली राहणारा म्हातारा खाटीक, आपला एवढा माल उचलणारी माणसे आहेत तरी कशी, हे पाहायला मुद्दाम गड चढून आला.

ऑक्झेंडनचे खरे काम मात्र तहाचे होते. १६६१ मध्ये राजापूरची इंग्रजांची वखार लुटली गेली होती, तिची भरपाई आणि व्यापाराची मोकळीक कंपनीला हवी होती. निराजीपंतांच्या मध्यस्थीने बोलणी झाली आणि बहुतेक कलमे मान्य झाली. दोन कलमांवर महाराज अडले. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालवण्याची सक्ती त्यांनी मान्य केली नाही. नाणे खरे असेल तर ते आपोआप चालेल, असे त्यांचे म्हणणे होते. किनाऱ्याला लागलेली फुटकी जहाजे इंग्रजांना परत देण्यासही त्यांनी नकार दिला, कारण कोकणच्या रिवाजाने त्यांवर राजाचा हक्क होता. त्या वेळी मागणारे इंग्रज होते आणि काय द्यायचे, काय नाही, हे रायगडावर ठरत होते.

परराज्यातल्या दूताला तेव्हा वकील म्हणत. पुढे पेशवाईत ही व्यवस्था दूरवर पसरली. दिल्लीला हिंगणे घराणे पिढ्यान्‌पिढ्या पेशव्यांची वकिली सांभाळत होते, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते, आणि इंग्रजांशी संघर्ष चालू असताना खुद्द कोलकात्यात नाना फडणीसांचा वकील लाला सेवकराम बसला होता. दरबारी मान राखणे हा वकिलाच्या कामाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग होता लिहिण्याचा. कोण कोणाला भेटले, फौजेचा पगार किती थकला, कोणता सरदार रुसला, हे सगळे कागदावर उतरे आणि जासुदांच्या हाती पुण्याला निघे. नानांचा राज्यकारभार या पत्रांवर चालत असे.

इंग्रजही हेच शिकत होते. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. त्यांनी एकाच वेळी दोन माणसे रवाना केली. कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजीअप्पांकडे तहासाठी गेला, तर कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांकडे. गॉर्डनला सांगून ठेवले होते की, बाजीरावांवर नाराज असलेले दरबारी कोण आहेत याचा अंदाज घे. त्यानंतर पुण्याला आलेल्या प्रत्येक इंग्रज वकिलाच्या पिशवीत ही दुहेरी कामगिरी असे. वरून मैत्री, आतून फुटीचा शोध.

नाना हे ओळखून होते. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला, तेव्हा नानांनी त्याचे थाटामाटात स्वागत केले. त्याच्या अधिकाराबद्दल पुढे बऱ्याच शंका निघाल्या, पण नुसत्या त्या स्वागतानेच मुंबई आणि कोलकात्याच्या इंग्रजांची झोप उडाली. एका परक्या वकिलाचा मान राखून दुसऱ्याला धाकात कसे ठेवायचे, हे नानांना नेमके ठाऊक होते.

१७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांशी चाललेली लढाई थांबली. तो तह इंग्रजांच्या वतीने डेव्हिड अँडरसनने महादजी शिंद्यांमार्फत केला, त्यामुळे इंग्रजांशी होणारा व्यवहार आपल्याच हातून व्हावा, असे महादजींना वाटे. म्हणूनच पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारी कायम राहणारा कंपनीचा वकील, म्हणून नेमलेला चार्ल्स मॅलेट आधी उत्तरेत महादजींच्या छावणीत जाऊन आला आणि मगच मार्च १७८६ मध्ये पुण्यात दाखल झाला. मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली. ऑगस्ट १७९० मध्ये टिपूविरुद्धच्या तहाचा कागद मॅलेटने दरबारात पेशवे सवाई माधवराव यांच्या हाती दिला. त्या प्रसंगाचे थॉमस डॅनियलने रंगवलेले मोठे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. मॅलेटच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा चित्रकार पुण्यात आला. त्याने पेशव्यांची आणि नानांची चित्रे काढली आणि गंगाराम तांबट या पुणेकर कलावंताला हाताशी धरले. रेसिडेन्सीचा हा काळ केवळ डावपेचांचा नव्हता, हेही नोंदवायला हवे.

मॅलेटची पत्रे पुढे जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली प्रसिद्ध झालेल्या पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारात छापली गेली. ती वाचताना एक गोष्ट टोचते. पुण्याच्या दरबारातली लहानसहान हालचाल कोलकात्याला आणि तिथून लंडनला पोचत होती. लंडनमध्ये काय शिजते आहे, हे मात्र पुण्याला कळवणारे तिथे कायमचे कोणी नव्हते.

मराठी वकील लंडनला गेलेच नाहीत, असे नाही. १७८१ मध्ये हणमंतराव नावाचे ब्राह्मण वकील आणि त्यांच्याबरोबर मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ तिथे पोचले होते. त्यांना पाठवले होते ते पुणे दरबाराने नव्हे, तर पेशवेपदासाठी इंग्रजांच्या आश्रयाला गेलेल्या रघुनाथरावांनी. सोवळ्याओवळ्याचे नियम पाळणाऱ्या हणमंतरावांचे परक्या मुलखात फार हाल होऊ लागले. तेव्हा संसदेतले प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि स्वयंपाकासाठी बागेतले काचघर मोकळे करून दिले. कंपनीच्या कारभारावर पुढे कडाडून टीका करणाऱ्या बर्कना हिंदू चालीरीतींची माहिती अशी थेट माणसांकडून मिळाली. रघुनाथरावांच्या पदरात मात्र काही पडले नाही.

मराठी राज्य खडकीच्या लढाईत बुडाले, असे आपण शाळेत शिकतो. वकिलांच्या इतिहासाकडे पाहिले तर ते त्याआधीच कागदावर बुडाले होते. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावांनी कबूल केले की, कंपनीशी मसलत केल्यावाचून दुसऱ्या सत्तेशी बोलणी करणार नाही. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. ते इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले होते. वकिलाच्या जिवाला धक्का लागू नये, हा सगळ्या दरबारांचा जुना संकेत मोडला गेला आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनला हवे ते निमित्त मिळाले. खुनाचा संशय असलेले पेशव्यांचे विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे यांना त्याने ताब्यात मागितले आणि पेशव्यांवरचा फास आवळत नेला. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने उरलेसुरले संपवले: पेशव्यांनी परराज्यात वकील ठेवायचे नाहीत, परराज्यांचे वकील पदरी ठेवायचे नाहीत, जे बोलायचे ते रेसिडेंटमार्फत. पाचच महिन्यांनी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या सैन्याने जाळली. एल्फिन्स्टनची पुस्तके त्यात खाक झाली. आग मोठी होती, पण फार उशिरा लागली होती.

या कथेत शेवटी येतात रंगो बापूजी गुप्ते. १८३९ मध्ये कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि एक तपाहून अधिक काळ तिथे झगडत राहिले. ते इंग्रजी शिकले, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत आणि संसदेत आपल्या धन्याचा प्रश्न उपस्थित करणारी माणसे त्यांनी मिळवली. १८४७ मध्ये प्रतापसिंह वारले, १८४८ मध्ये सातारा खालसा झाले, तरी त्यांनी आशा सोडली नाही. अखेर रिकाम्या हाताने परतल्यावर १८५७ च्या उठावाच्या कटात ते सामील झाले. त्यांचा मुलगा सीतारामपंत साताऱ्यात फाशी गेला. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

लंडनला जाऊन, तिथली भाषा शिकून, तिथल्याच लोकांसमोर मराठी राज्याची बाजू मांडणारा असा माणूस १७८६ मध्ये, मॅलेट पुण्यात आला त्याच वर्षी, तिकडे पाठवायला हवा होता. तो गेला राज्य संपल्यानंतर. पेशवाईच्या ऱ्हासाची कारणे सांगताना आपण सरदारांची भांडणे आणि तोफांची गोष्ट करतो. त्या यादीत या चुकीचेही नाव ठळकपणे घ्यायला हवे.