खोकला थांबवणाऱ्या गटातलं औषध, मग भूल देताना त्यानेच खोकला का येतो?

ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञ अनेकदा शिरेतून फेंटानिल देतात. श्वासनलिकेत नळी घालताना वाढणारे बीपी आणि नाडीचे ठोके ते आटोक्यात ठेवतं. पण काही पेशंटना इंजेक्शननंतर काही सेकंदांतच खोकल्याची ढास लागते. गंमत म्हणजे खोकल्याच्या सिरपमधलं कोडीनही याच ओपिऑइड गटातलं!

असं का होतं?

याचं एकच एक कारण ठरलेलं नाही. औषध वेगाने फुफ्फुसांत पोहोचलं की तिथल्या संवेदी चेतातंतूंना चाळवतं, त्यांचा निरोप व्हेगस नर्व्हमार्फत मेंदूला जातो आणि खोकला येतो, असं एक स्पष्टीकरण आहे. स्वरयंत्राचे स्नायू अचानक आवळले जाणं, हे दुसरं.

यात धोका काय?

बहुतेकांचा खोकला थोड्याच वेळात आपोआप थांबतो. मात्र जोराच्या खोकल्याने डोक्यातला, डोळ्यातला आणि पोटातला दाब वाढतो. मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असेल (अॅन्युरिझम) किंवा डोळ्याला उघडी जखम असेल, तर हा दाब महागात पडू शकतो. पोट भरलेलं असेल तर उलटी होऊन ती फुफ्फुसांत जाण्याची भीती असते.

खोकला कसा टाळतात?

• औषध कमी मात्रेत, पातळ करून, सावकाश देतात.
• मुख्य डोसच्या आधी अगदी थोडं फेंटानिल देऊन ठेवतात.
• साधारण मिनिटभर आधी शिरेतून लिडोकेन देतात. दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात, तेच हे औषध.
• कमी मात्रेतलं केटामिन किंवा डेक्समेडेटोमिडिन हेही पर्याय आहेत.
• बिनऔषधाचा उपाय म्हणजे ‘हफिंग’. आरशावर वाफ धरावी तसा तोंड उघडं ठेवून जोरात श्वास सोडायचा. इंजेक्शनच्या अगदी आधी हे केल्याने खोकल्याचं प्रमाण घटल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

प्रत्येक उपाय प्रत्येकाला चालतोच असं नाही. लिडोकेनचा डोस वजनानुसार ठरतो आणि हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यांना डेक्समेडेटोमिडिन जपून द्यावं लागतं.

पेशंटने काय करावं?

ऑपरेशनआधीच्या तपासणीत दमा, काचबिंदू, हृदयविकार, अॅलर्जी, सिगारेटची सवय आणि चालू गोळ्या यांची माहिती भूलतज्ज्ञांना द्यावी. उपाशीपोटी यायला सांगूनही ‘फक्त चहाच घेतला’ असेल, तरी तो लपवू नये. भूल कशी द्यायची, हे याच उत्तरांवर ठरतं.