डांबरी रस्त्यावर वळण्याआधी फोर बाय फोर सोडा



परवा आपल्या एका सभासदाची पिकअप मासळीचे क्रेट घेऊन जेटीच्या रेतीतून वर आली आणि डांबरी रस्त्यावर वळताना अडली. स्टीअरिंग जड, चाकं घासत उड्या मारतायत, लिव्हर सुटेना. बर्फ वितळला, बाजार चुकला. गाडीत बिघाड काहीच नव्हता, फोर बाय फोर तशीच लागून राहिली होती. म्हणून हे सर्वांसाठी लिहीत आहोत.

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या गोलातून जातात. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी काटकोनात आखूड वळली, तर पुढची चाकं जवळजवळ ९० सेंटिमीटर जास्त चालतात.

थार, जिप्सी यांसारख्या गाड्यांत पार्ट-टाइम फोर बाय फोर असते. ती लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, दोन्हीकडे सारखेच फेरे. रेतीत, चिखलात चाक थोडं घसरतं आणि फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर टायर पकड सोडत नाही. मग सगळा ताण गिअर, शाफ्ट आणि जॉइंटवर येतो. शिवाय गाडी हवी तेवढी वळत नाही, सरळ पुढे रेटते. वळणावर माणसं उभी असतील तर विचार करा.

फुल-टाइम प्रकारात मध्ये आणखी एक डिफरन्शियल असतो. तो पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देतो, म्हणून डांबरावरही बिनधास्त वळता येतं. पण रेतीत एक चाक मोकळं फिरू लागलं की सगळा जोर तिथेच वाया जातो. त्यासाठी मधला डिफरन्शियल लॉक करायची सोय असते. लॉक केला की ही गाडीसुद्धा पार्ट-टाइमसारखीच वागते, हे विसरू नका.

लक्षात ठेवा:
👉 कडक रस्ता लागला की वळण्याआधीच टू-एच लावा, किंवा मधला लॉक काढा.
👉 लिव्हर अडकला तर जोर लावू नका. मागे कोणी नाही बघून, स्टीअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी रिव्हर्स घ्या. ताण सुटतो, लिव्हर येतो.
👉 डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा विझला का, ते बघूनच पुढे निघा.

गाडी घरातला मुलगा किंवा ड्रायव्हर चालवत असेल, तर त्याला हे जरूर वाचून दाखवा.