एक फ्रिज, चार डबे

दुबईच्या अल वरसान भागातली इंटरनॅशनल सिटी म्हणजे छोटंसं जगच. चीन, फ्रान्स, इंग्लंड, रशिया, ग्रीस, मोरोक्को, पर्शिया, स्पेन अशी तिथल्या वसाहतींची नावं, आणि शेजारी चिनी मालाचं भलंमोठं ड्रॅगन मार्ट. शहराच्या मानाने भाडं कमी, म्हणून नाना देशांतले नोकरदार इथे राहतात. बऱ्याच ठिकाणी फ्लॅटमध्ये तिघं-चौघं, स्वयंपाकघर एक आणि फ्रिजही एकच. आपल्यातला कोणी तरुण ठाण्याहून किंवा पनवेलहून तिकडे गेला की आईचा पहिला प्रश्न असतो, "राहायला जागा कशी आहे?" आणि दुसरा, "खाण्याचं काय करतोस?"

समजा, त्या फ्रिजमध्ये चौघांचे चार डबे आहेत. पहिला जैन मुलाचा: कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. भारतातून आलेल्या पाकिटावर तो आधी हिरवा ठिपका शोधतो. दुसरा केरळच्या मुसलमान मित्राचा: मांस हलालच हवं. तिसरा जिमला जाणाऱ्याचा: साखर नाही, मैदा नाही, पाकिटबंद काही नाही. हल्ली ज्याला 'क्लीन ईटिंग' म्हणतात ते हेच. चौथा आपल्या मुलाचा: पर आणि खवले असलेलाच मासा, आणि मटणाच्या रश्श्यात दही-दुधाऐवजी नारळाचं दूध.

चौघंही म्हणतील, "मी स्वच्छ खातो." आणि चौघंही खरंच बोलत असतील. जैन विचारतो, या अन्नासाठी कोणाचा जीव गेला? हलाल आणि कोशेर पाळणारे विचारतात, प्राणी कोणता आणि तो कसा कापला? जिमवाला विचारतो, कारखान्यात यात काय मिसळलं? आपल्या मराठीतही सोवळं, शुद्ध, पवित्र आणि स्वच्छ हे शब्द वेगवेगळे आहेत ते उगीच नाहीत. 'क्लीन ईटिंग'ला तर शास्त्रात किंवा कायद्यात ठरलेली व्याख्याच नाही. पाकिटावर तसं छापलं म्हणून ते औषध होत नाही.

पण एक प्रश्न चौघांनीही विचारायला हवा. हा डबा किती वेळ बाहेर होता?

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नासाठी पाच साधे नियम सांगितले आहेत: हात आणि भांडी स्वच्छ ठेवा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, योग्य तापमानात साठवा, पाणी व माल खात्रीचा वापरा. 5 ते 60 अंश सेल्सियस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. दुबईच्या उन्हाळ्यात तर एक तासही पुष्कळ. भाताची विशेष काळजी घ्या. त्यात एका जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, आणि भात बाहेर राहिला तर त्यांचं विष तयार होतं. पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. रात्रपाळीहून आलेल्याने ओट्यावर राहिलेला भात 'गरम करून' खाल्ला आणि सकाळी उलट्या सुरू झाल्या, तर दोष हलाल-कोशेरचा नसतो, घड्याळाचा असतो.

आता जिमवाल्या डब्याकडे वळू. साखर कमी करणं चांगलंच. अमिरातीने 2017 साली शीतपेयांवर 50 टक्के आणि एनर्जी ड्रिंकवर 100 टक्के कर लावला, तो उगीच नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, आणि गोव्यात तर 26.4 टक्के. आपण कोकणपट्टीचीच माणसं, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवावा. पण 'बिनसाखरेचे' म्हणून विकले जाणारे खजुराचे लाडू फसवे असतात. सुक्या खजुरात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते, आणि गूळही जवळजवळ साखरच. मलिद्यातला गूळ-खजूर आनंदाने घ्यावा, पण तो साखर म्हणूनच मोजावा.

ज्यांना मधुमेहाची औषधं चालू आहेत त्यांनी तर मित्राचं पाहून भात-पोळी एकदम बंद करू नये. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्याची साखर अचानक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याच्या रक्तात, साखर फारशी वाढलेली नसतानाही, धोकादायक आम्ल साठू शकतं. आधी डॉक्टर, मग डाएट. किप्पूरच्या उपासालाही हाच नियम लावा. जीव वाचवण्यासाठी उपास मोडायची मुभा आपल्या धर्मातच आहे.

आपल्या डब्यालाही एक चिमटा काढायला हवा. मांस अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, मग तीनदा धुवायचं, ही आपली रीत. त्याने रक्त जातं, पण थोडं मीठ मांसात उरतं. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, एवढंच मीठ मोठ्या माणसाला पुरे. म्हणून रक्तदाब असलेल्यांच्या घरी रश्श्यात मीठ शेवटी, चव पाहूनच घालावं. सोबत पापड-लोणचं नकोच. आणि मांस धुताना नळ जोरात सोडू नका. कच्च्या मांसाचे जंतू शिंतोड्यांबरोबर ओटाभर आणि शेजाऱ्याच्या सॅलडवर जातात. खोल भांड्यात, हळू धुवा.

2020च्या अब्राहम करारानंतर अमिरातीत कोशेर जेवण मिळणं सोपं झालं, पण साध्या पगारात ते रोज परवडेलच असं नाही. तिथे आपला जुना तोडगाच बरा: आठवडाभर डाळ, भाजी, बिरडं आणि मासे. देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये आपली सुरमई 'कनाद' नावाने मिळते, आणि हमूरलाही पर-खवले असतात. मात्र मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, म्हणून गरोदर बायकांनी बांगडा-तारलीसारखे लहान मासे निवडावेत.

शेवटी एक सावधगिरी. शुद्ध खाण्याचा ध्यास इतका वाढतो की माणूस कोणाच्या पंगतीला बसत नाही, वजन घटतं, चुकून काही खाल्लं तर रात्रभर झोप लागत नाही. स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरने 1997 साली याला 'ऑर्थोरेक्सिया' हे नाव दिलं. धर्माचा नियम पाळणारा माणूस नियमाच्या आत पोटभर आणि निश्चिंत जेवतो. इथे मात्र नियम रोज वाढत जातात आणि ताट रिकामं होत जातं. मुलगा फोनवर रोज नव्या वर्ज्य पदार्थाचं नाव सांगू लागला, तर त्याचं कौतुक करण्याआधी नीट चौकशी करा.

अबू धाबीच्या सिनेगॉगला ज्यांचं नाव दिलं आहे ते मोशे बेन मैमोन स्वतः वैद्य होते. पोट गच्च भरेपर्यंत खाऊ नये, साधारण पाव भाग रिकामा ठेवावा, असं त्यांनी आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. हा सल्ला चारही डब्यांना चालतो. बाकी, डब्यांवर नाव आणि तारीख लिहा, कच्चं मांस सर्वांत खालच्या कप्प्यात झाकून ठेवा, सुऱ्या-पातेली आपापली वेगळी ठेवा, आणि दुसऱ्याचा डबा विचारल्याशिवाय उघडू नका. एवढं केलंत तर पोटही बरं राहील आणि शेजारही.